कागदावरची एनिग्मा: बनवा, चालवा आणि सोळा अक्षरांच्या अंदाजावर फोडा

जर्मन लष्कराच्या एनिग्मा या संकेतलेखनाच्या यंत्राबद्दल वाचताना त्याच्या मांडण्यांचा एक आकडा हमखास भेटतो: १५९ आणि त्यापुढे १८ शून्यं. पाच चाकांतून तीन निवडून क्रमाने बसवायच्या ६० रीती, त्या तीन चाकांच्या सुरुवातीच्या १७,५७६ जागा आणि प्लगबोर्डवर, म्हणजे अक्षरांची आपसात अदलाबदल करणाऱ्या तारांच्या फळीवर, दहा जोड्या लावायचे सुमारे १५० लाख कोटी प्रकार, या तिन्हींचा तो गुणाकार. आकडा बरोबर आहे, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्क या संकेत फोडणाऱ्या केंद्राने हे यंत्र कसं फोडलं, ते त्यावरून कळत नाही. तिथल्या लोकांनी या गुणाकारातला सर्वांत अवजड भाग, म्हणजे प्लगबोर्ड, हिशेबाबाहेर काढला. उरले १०,५४,५६० पर्याय, आणि तेवढे यंत्राने तपासता येत होते. प्लगबोर्ड बाहेर कसा काढतात, हे पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्यांवर एका सुट्टीच्या दिवसात करून बघता येतं. खाली दिलेली तारांची मांडणी खऱ्या यंत्राची आहे आणि सर्व उत्तरं पडताळून घेता येतील अशी आहेत.

अक्षरांऐवजी आपण आकडे वापरू: ए म्हणजे १, बी म्हणजे २, असं करत झेड म्हणजे २६. जर्मन भूदल आणि वायुदलाच्या यंत्रांच्या चाकांवरही १ ते २६ हे आकडेच असत. अक्षरं नौदलाच्या चाकांवर होती.

पट्ट्या तयार करणं

ए-३ मापाचा जाड कागद, मोजपट्टी, पेन्सिल आणि कात्री एवढं पुरे. ४ सेंटिमीटर रुंद आणि ३६४ मिलिमीटर लांब अशा तीन पट्ट्या कापा. प्रत्येकीवर ७ मिलिमीटरच्या ५२ ओळी आखा. प्रत्येक पट्टीला डावा आणि उजवा असे दोन रकाने. डाव्या रकान्यात वरून खाली १ ते २६ लिहा आणि त्याखाली पुन्हा १ ते २६. उजव्या रकान्यात त्या चाकाची मांडणी त्याच पद्धतीने दोनदा लिहा:

पहिलं चाक: ५ ११ १३ ६ १२ ७ ४ १७ २२ २६ १४ २० १५ २३ २५ ८ २४ २१ १९ १६ १ ९ २ १८ ३ १०

दुसरं चाक: १ १० ४ ११ १९ ९ १८ २१ २४ २ १२ ८ २३ २० १३ ३ १७ ७ २६ १४ १६ २५ ६ २२ १५ ५

तिसरं चाक: २ ४ ६ ८ १० १२ ३ १६ १८ २० २४ २२ २६ १४ २५ ५ ९ २३ ७ १ ११ १३ २१ १९ १७ १५

आता एक चौकट आखा. तिच्यात ७ मिलिमीटरच्या २६ ओळी, म्हणजे उंची १८२ मिलिमीटर. अगदी उजवीकडे १ ते २६ हे आकडे: ही कळफलकाची आणि दिव्यांची बाजू. अगदी डावीकडे परावर्तक. मधल्या मोकळ्या जागेत डावीकडून पहिली, दुसरी आणि तिसरी पट्टी ठेवायची, वरखाली सरकतील अशी. परावर्तकात तार एका ओळीतून शिरून दुसऱ्या ओळीतून परत फिरते. त्याच्या तेरा जोड्या अशा: १–२५, २–१८, ३–२१, ४–८, ५–१७, ६–१९, ७–१२, ९–१६, १०–२४, ११–१४, १३–१५, २०–२६, २२–२३. हा बी परावर्तक.

चौकटीच्या सर्वांत वरच्या ओळीत पट्टीच्या डाव्या रकान्यातला जो आकडा येतो, तो खऱ्या यंत्राच्या खिडकीत दिसणारा आकडा. सुरुवातीला तिन्ही खिडक्यांत १ ठेवा.

एक अक्षर चालवून पाहणं

कळ दाबली की आधी चाक फिरतं, मग वीज वाहते. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं चुकतं, आणि नवखे लोक बहुतेक वेळा इथेच अडखळतात. म्हणून पहिल्या अक्षराआधी उजवी पट्टी एक ओळ वर सरकवा. तिच्या खिडकीत आता २ दिसेल.

कळ १ दाबली असं समजा. चौकटीच्या ओळ १ मध्ये उजव्या पट्टीच्या उजव्या रकान्यात ४ आहे. तोच ४ त्याच पट्टीच्या डाव्या रकान्यात शोधा. तो ओळ ३ वर सापडतो. ओळ ३ वरून मधल्या पट्टीत शिरा: उजवीकडे ४, डावीकडचा ४ ओळ ४ वर. डाव्या पट्टीत ओळ ४ वर उजवीकडे ६, डावीकडचा ६ ओळ ६ वर. परावर्तकात ६ ची जोडी १९. आता परतीचा प्रवास, म्हणजे डाव्या रकान्यातून उजव्याकडे. डाव्या पट्टीत ओळ १९ वर डावीकडे १९, उजवीकडचा १९ त्याच ओळीत. मधल्या पट्टीत डावीकडे १९, उजवीकडचा १९ ओळ ५ वर. उजव्या पट्टीत ओळ ५ वर डावीकडे ६, उजवीकडचा ६ ओळ २ वर. दिवा लागला २ चा.

कळ १ लागोपाठ पाच वेळा दाबली तर २, ४, २६, ७, १५ हे दिवे लागायला हवेत. नाही लागले, तर आधी मांडणी उतरवताना आकडा चुकला का ते पाहा. पट्ट्या दुहेरी असल्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा सापडतो, आणि त्यातला चौकटीच्या २६ ओळींच्या आत असलेलाच घ्यायचा. दुसरी चूक बहुधा इथे होते.

उजवी पट्टी २२ वरून २३ वर जाते तेव्हा मधली पट्टीही एक ओळ सरकते. मधली ५ वर असेल, तर पुढच्या कळीला मधली आणि डावी दोन्ही सरकतात. त्यामुळे १-४-२१ या खिडक्यांनंतर १-४-२२, मग १-५-२३, मग २-६-२४ असा क्रम येतो. मधलं चाक लागोपाठ दोनदा सरकलं, हा तुमच्या पट्ट्यांचा दोष नाही. खऱ्या यंत्राच्या खटक्यांची रचनाच तशी होती.

खऱ्या यंत्रात कळफलक आणि चाकं यांच्या मध्ये प्लगबोर्ड असतो. दहा जोड्या लावल्या की वीस अक्षरांची आपसात अदलाबदल होते आणि सहा अक्षरं तशीच राहतात. जाताना एकदा आणि येताना एकदा अशी ती अदलाबदल दोनदा होते. सध्या प्लगबोर्ड रिकामा ठेवा.

परावर्तकामुळे यंत्राला दोन गुण मिळाले. एक, त्याच मांडणीवर सांकेतिक मजकूर टंकला की मूळ मजकूर परत मिळतो. सैनिकाला हे फार सोयीचं. दुसरा, कोणतंही अक्षर कधीही स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही, आणि शत्रूला हे त्याहून सोयीचं. ब्लेचलीत मेव्हिस लीव्हर या तरुणीच्या हाती इटालियन नौदलाचा एक संदेश आला, त्यात १२ क्रमांकाचं अक्षर, म्हणजे एल, एकदाही नव्हतं. चाचणीचा संदेश पाठवायचा म्हणून त्या चालकाने केवळ तीच एक कळ दाबत ठेवली होती. संपूर्ण मूळ मजकूर आयता हाती पडला.

क्रिब निवडणं आणि बसवणं

संदेशात असणारच असा अंदाज असलेल्या मजकुराला क्रिब म्हणतात. हा अंदाज यंत्राचा अभ्यास करून बांधता येत नाही. त्यासाठी पाठवणाऱ्या माणसाच्या सवयी माहीत असाव्या लागतात. रोज ठरावीक वेळी निघणारा हवामान अहवाल, ‘विशेष काही घडलं नाही’ अशा अर्थाचं तेच ते जर्मन वाक्य, अधिकाऱ्याचं पूर्ण पदनाम, शब्दांत लिहिलेले आकडे. एक या अर्थाचा ‘आइन्स’ हा जर्मन शब्द तर इतका वारंवार येई की त्याची स्वतंत्र यादीच करून ठेवलेली होती. कधी क्रिब मुद्दाम निर्माण केली जाई: ब्रिटिश विमानं ठरलेल्या चौकोनात समुद्रात सुरुंग टाकत, जर्मन बंदरातून त्या चौकोनाचा इशारा निघे, आणि तोच इशारा गोदीतल्या, हाताने लिहायच्या साध्या संकेतलिपीतही जाई. ही लिपी फोडायला सोपी, त्यामुळे एनिग्मातल्या संदेशाचा मूळ मजकूर आधीच माहीत झालेला असे.

आपण ‘वेटरफोरहेरझागे’ म्हणजे ‘हवामान अंदाज’ हा सोळा अक्षरी जर्मन शब्द घेऊ. त्याचे आकडे:

२३ ५ २० २० ५ १८ २२ १५ १८ ८ ५ १८ १९ १ ७ ५

पकडलेला सांकेतिक मजकूर:

११ १२ ८ ६ १८ २० १९ १७ ४ १४ १४ १२ १० २० १८ १४

दोन कागदी फितींवर या दोन ओळी एकसारख्या अंतराने लिहा आणि क्रिबची फीत सांकेतिक फितीखाली सरकवत न्या. वरखाली एकच आकडा आला की ती जागा बाद, कारण अक्षर स्वतःच्या रूपात येत नाही. क्रिब एक घर डावीकडे सरकवा: तिचा सहावा आकडा १८ वरच्या पाचव्या १८ खाली येतो, टक्कर. दोन घरं उजवीकडे सरकवा: चौथा २० वरच्या सहाव्या २० खाली, टक्कर. एक घर उजवीकडे मात्र कुठेच टक्कर होत नाही, आणि तरीही ती जागा चुकीची आहे. टक्कर न होणं हा पुरावा नाही. सोळा अक्षरांची क्रिब चुकीच्या जागीही १०० पैकी सुमारे ५३ वेळा सहज बसते. तीस अक्षरांची ३१ वेळा.

मग लांब क्रिबच घ्यावी, असं वाटेल. पण क्रिब जितकी लांब, तितकी तिच्या मध्येच मधलं चाक सरकण्याची भीती जास्त. सोळा अक्षरांत ती शक्यता २६ पैकी १५, म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि तसं झालं की पुढची कृती फसते. म्हणून क्रिबचे दोन तुकडे करून ते वेगवेगळे तपासावे लागत. आपल्या उदाहरणात उजवं चाक २ पासून १७ पर्यंतच जातं, त्यामुळे मधलं चाक जागचं हलत नाही.

मेन्यू आणि बंद कडी

योग्य जागी बसवल्यावर वरचा आणि खालचा आकडा त्या त्या स्थानावर जोडीने लिहा: स्थान १ वर २३–११, स्थान २ वर ५–१२, स्थान ३ वर २०–८, असं सोळापर्यंत. आता प्रत्येक आकडा कागदावर एक ठिपका म्हणून मांडा, जोडीतले ठिपके रेघेने जोडा आणि रेघेवर स्थान लिहा. या आकृतीला मेन्यू म्हणत. कुठली रेघ फिरून स्वतःपाशी येते ते शोधा. आपल्याला तीन बंद कडी मिळतात:

५ → १२ → १८ → ५, स्थानं २, १२, ५.

५ → १४ → ५, स्थानं ११ आणि १६.

५ → १८ → २० → ८ → १४ → ५, स्थानं ५, ६, ३, १०, ११.

सोळा अक्षरांत तीन कडी म्हणजे मेन्यू चांगला जमला. २३–११, १५–१७ आणि २२–१९–१० हे तुकडे मुख्य आकृतीशी जुळत नाहीत. ते आता बाजूला ठेवा, शेवटच्या पडताळणीत कामाला येतील.

ॲलन ट्युरिंग या ब्लेचलीतल्या गणितज्ञाची युक्ती या कडींवर उभी आहे. प्लगबोर्डवर ५ कोणाशी जोडला आहे, हे आपल्याला माहीत नाही. त्या अज्ञात जोडीदाराला क्ष म्हणा. स्थान २ च्या चाकांतून क्ष पाठवला की जे बाहेर येतं, तो १२ चा जोडीदार. तो स्थान १२ मधून पाठवला की १८ चा जोडीदार. तो स्थान ५ मधून पाठवला की पुन्हा ५ चा जोडीदार, म्हणजे क्षच मिळायला हवा. नाही मिळाला, तर गृहीत चूक. या साऱ्या फेरीत प्लगबोर्डच्या बाकीच्या जोड्या माहीत असण्याची गरज पडत नाही. १५० लाख कोटींच्या जागी २६ गृहीतं आली ती इथे.

पट्ट्यांवर करून पाहा. प्लगबोर्ड रिकामा, म्हणजे क्ष हा ५ स्वतःच. कळ दाबली की आधी चाक फिरतं, म्हणून स्थान २ साठी उजवी खिडकी ३ वर ठेवून ५ पाठवा: १२. खिडकी १३ वर ठेवून १२ पाठवा: १८. खिडकी ६ वर ठेवून १८ पाठवा: ५. कडी बंद झाली. आता सुरुवातीची जागा एकने चुकवा, म्हणजे खिडक्या ४, १४ आणि ७. पाचाचे ३ होतात, तिनाचे १७, सतराचे ६. ५ वर परत येत नाही, म्हणून ही जागा या गृहीतापुरती बाद. याच जागेसाठी क्षच्या उरलेल्या २५ किमती तपासायच्या, आणि मग पुढची जागा.

चुकीच्या जागी एक गृहीत एका कडीतून निभावून जाण्याची शक्यता २६ पैकी १. तीन कडी आणि २६ गृहीतं धरली, तर दर ६७६ जागांमागे एक खोटा थांबा, म्हणजे चुकीची असूनही बरोबर भासणारी जागा, येतो. १७,५७६ जागांत सुमारे २६, आणि चाकांच्या ६० क्रमांत मिळून दीड हजारावर. हाताने हे झेपणारं नाही. त्यासाठीच बॉम्ब हे यंत्र बांधलं गेलं. पहिलं मार्च १९४० मध्ये ब्लेचलीत आलं. ट्युरिंगचे सहकारी गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात एक साधी, पण फार मोलाची भर घातली: प्लगबोर्डवर ५ चा जोडीदार ९ असेल, तर ९ चा जोडीदार ५ असलाच पाहिजे. हा नियम तारांच्या एका फळीवर बसवला, तो ऑगस्ट १९४० च्या दुसऱ्या यंत्रापासून, आणि खोटे थांबे एकदम घटले. कमी कडींचे मेन्यूही मग चालू लागले.

या सगळ्याआधी पोलंडचं काम होतं, आणि ते मागे ढकलणं अन्यायाचं आहे. मारियन रेयेव्हस्की या पोलिश गणितज्ञांनी डिसेंबर १९३२ मध्ये लष्करी यंत्राच्या चाकांची अंतर्गत मांडणी गणिताने शोधून काढली. वर उतरवलेल्या ओळी त्या शोधातून आल्या आहेत. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ पिरी इथे पोलिश मंडळींनी आपली सारी पद्धत ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केली. युद्ध पेटायला तेव्हा पाच-सहा आठवडे उरले होते.

फसतं कुठे

मॉर्समध्ये ऐकून घेतलेलं एक अक्षर चुकलं की मेन्यूतली एक रेघ खोटी होते आणि बरोबर जागाही बाद ठरते. म्हणून शक्य तिथे एकच संदेश दोन केंद्रांनी घेतलेला असावा आणि संशयास्पद अक्षर मेन्यूतून वगळावं. क्रिबचं लिखाण दुसरं कारण: भूदलाचे चालक पूर्णविरामासाठी एक्स वापरत आणि सी-एच या जोडीऐवजी क्यू लिहीत. हे ध्यानात न घेता शुद्ध जर्मन वाक्य बसवलं की एका अक्षराने सारं सरकतं.

थांबा खरा की खोटा, हे कडीने सांगता येत नाही. कडीतून मिळालेल्या प्लगच्या जोड्या घ्या, बाजूला ठेवलेले तुकडे त्यांच्याशी विसंगत नाहीत ना ते पाहा, आणि मग क्रिबच्या पुढचा मजकूर त्या मांडणीवर उलगडा. अर्धवट का होईना, पण जर्मन शब्द दिसू लागले तर थांबा खरा. काही अंतरापर्यंत मजकूर नीट येऊन अचानक तुटला, तर मधलं चाक तुम्ही धरलेल्यापेक्षा वेगळ्या जागी सरकलं आहे. त्यावरून चाकाभोवतीच्या फिरत्या कड्याची (रिंगची) मांडणी कळते.

सरावासाठी सोबत्याला पाच जोड्यांचा प्लगबोर्ड लावून हाच शब्द दुसऱ्या सुरुवातीच्या जागेवरून सांकेतिक करायला सांगा. डाव्या आणि मधल्या पट्टीची जागा तुम्हाला सांगून ठेवावी, फक्त उजवीची आणि प्लगची लपवावी. तपासायच्या जागा २६, प्रत्येकीला २६ गृहीतं. मेन्यूत कडी नसेल, तर क्रिब बदलून घ्या. कडीशिवाय ही पद्धत चालत नाही.

उलगडल्यानंतर

उलगडलेला संदेश वापरला की फुटल्याचा संशय येतो, आणि संशय आला की शत्रू यंत्र बदलतो. १ फेब्रुवारी १९४२ रोजी अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी चार चाकांचं यंत्र वापरायला घेतलं. तेव्हा ब्लेचलीला त्यांचे संदेश डिसेंबरपर्यंत वाचता आले नाहीत. ३० ऑक्टोबर १९४२ ला भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या यू-५५९ या जर्मन पाणबुडीमधून हवामानाच्या लघुसंकेतांचं पुस्तक काढताना अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर या दोघा ब्रिटिश नौसैनिकांचा जीव गेला. त्याच पुस्तकातून क्रिब मिळाल्या. पाणबुड्यांचा हवामान अहवाल नसता, तर चौथं चाक आणखी बराच काळ टिकलं असतं.

म्हणून उलगडलेल्या माहितीवर कृती करण्याआधी तिच्यासाठी दुसरा पटण्याजोगा उगम उभा करायचा. मार्च १९४१ मध्ये इटालियन नौदल क्रीटच्या दिशेने निघणार, हे ब्लेचलीतून कळलं. भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल कनिंगहॅम यांनी टेहळणीचं सन्डरलँड विमान अशा बेताने पाठवलं, की इटालियनांनी ते पाहावं आणि त्यानेच आपल्याला हेरलं असं समजावं. स्वतः कनिंगहॅम २७ मार्चच्या दुपारी बॅग घेऊन अलेक्झांड्रियात किनाऱ्यावर उतरले, गोल्फ क्लबात जपानी वकिलाच्या नजरेस पडले, आणि अंधार पडल्यावर ताफ्यासह निघाले. मटापान भूशिराजवळच्या लढाईत इटलीच्या झारा, पोला आणि फ्यूमे या तीन जड क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या.

दोनच महिन्यांनी, २० मे रोजी, जर्मन छत्रीसैनिक क्रीटवर उतरले. तिथले दोस्त राष्ट्रांचे सेनापती फ्रेबर्ग यांच्याकडेही हल्ल्याची माहिती आधी पोहोचली होती. पण समुद्रमार्गे येणाऱ्या हल्ल्याचीही धास्ती असल्याने सैन्य किनाऱ्यावर वाटलं गेलं, मालेमेची धावपट्टी हातची गेली आणि बेट पडलं. संदेश उलगडून मिळाला, तरी कोणत्या जागी किती सैन्य उभं करायचं हा निर्णय सेनापतीलाच घ्यावा लागतो, आणि तो चुकू शकतो.

उलगडलेल्या संदेशांचा आणखी एक उपयोग नेहमी करावा: आपलं काय फुटलं आहे, ते त्यांत शोधायचं. जर्मन नौदलाचा सांकेतिक विभाग ब्रिटनचा नौदल सांकेतिक कोड क्रमांक ३ वाचत होता, आणि अटलांटिकच्या व्यापारी ताफ्यांच्या हालचाली त्यातूनच जात. पाणबुड्यांना मिळणाऱ्या आदेशांत आपल्या ताफ्यांच्या जागा जरुरीपेक्षा फार अचूक येत आहेत, हे ब्लेचलीतल्या उलगड्यांवरून दिसलं, आणि जून १९४३ मध्ये तो कोड बदलण्यात आला.